श्रावणातलं पार्मेजान

मैत्रिणींनो, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथेच ओकते.

आज इथे दुबईत अल नहदाला स्मितावहिनींकडे आमची श्रावणातली भिशी होती. सँडविच माझ्याकडे होतं. वहिनींचा हुकूम होता, "साधंच कर, पण चीज इटालियन हवं हं!"

सुपरमार्केटमध्ये मी एकेक लेबल वाचत उभी राहिले. पार्मेजान, पेकोरिनो, सगळ्यांत दूध फाडायला वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातलं रेनेट. श्रावण सगळ्यांचाच, म्हणून शाकाहारी खूण बघून मोझरेला घेतलं.

वहिनींनी एक घास खाल्ला. "अगं, हे रबर आहे!" लगेच फ्रिजमधून पार्मेजान काढून सगळ्यांच्या सँडविचवर भरभरून किसलं. केक एगलेस आहे ना, असं दोनदा विचारणाऱ्या बायका "वॉव" करत खात होत्या.

मी वहिनींना आत किचनमध्ये हळूच म्हटलं, "हे शाकाहारी नाही हो."

"माहितीये मला. खलास, आता विषय नको. मूड जातो सगळ्यांचा."

घरी पोचते तोच ग्रुपवर मेसेज. पुढच्या भिशीला मी फक्त पेपर प्लेट्स आणायच्या.

तुम्हीच सांगा, श्रावण मोडला कुणी? खाणाऱ्यांनी, किसणारीने, की तोंड उघडणारीने?