बटर फ्रूट, फणस आणि पोटॅशियम

"तुमचं पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ आहे," डॉक्टर म्हणाले. "आजोबा, तुम्ही चालत आलात याचंच मला आश्चर्य वाटतं."

मी चालत आलो नव्हतो. पत्नी आणि रिक्षावाला यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून आणले होते. ही दुरुस्ती सांगण्याइतकी शक्ती माझ्यात उरली नव्हती. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून नोकरी केलेल्या माणसाला चुकीची नोंद तशीच सोडून देणे जड जाते.

पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. स्नायू आणि हृदय यांना तो लागतोच. पण साधारण साडेतीन ते पाच एवढाच. जास्तीचा क्षार मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली की तो रक्तात साचतो. पाय जड होतात, हृदयाचा ठोका मंदावतो आणि थांबूही शकतो. या अवस्थेला हायपरकॅलेमिया म्हणतात. माझ्या ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या विद्युत-आलेखावर, लाटा तंबूच्या टोकासारख्या उभ्या राहिल्या होत्या. मूत्रपिंडे किती काम करतात याचा अंदाज देणारे क्रिएटिनिनही फार वाढले होते.

ज्यांना मधुमेह आहे आणि ज्यांच्या घरात हितचिंतक पुष्कळ आहेत, अशांसाठी मी हे लिहीत आहे.

माझा मधुमेह निवृत्तीच्या आधीपासूनचा. नेहमीच्या डॉक्टरांनी गोड बंद केले, भात कमी केला आणि भाज्या-फळे भरपूर खा असे सांगितले. पुढे क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसले, तेव्हा वयोमानाने असे व्हायचेच, असे ते म्हणाले आणि रक्तदाबाची गोळी बदलून दिली. ही गोळी मूत्रपिंडांना जपते, पण पोटॅशियम अडवून धरते, हे मला रुग्णालयात कळले. आहाराचा जुना सल्ला मात्र कोणी बदलला नाही.

तो सल्ला घरच्यांनी मनावर घेतला.

माझा मुलगा सुधीर बेंगळुरूला असतो. तो अ‍ॅव्होकॅडोची पेटी पाठवू लागला. आमच्या बेळगावच्या बाजारात या फळाला बटर फ्रूट म्हणतात. त्यात साखर जवळजवळ नाही, स्निग्धांश हृदयाला चांगला, तंतू भरपूर, असे त्याचे म्हणणे. माझा धाकटा भाऊ परशराम जांबोटीला शेती पाहतो. त्याने ही बातमी ऐकली आणि पुढच्याच बसने भाजीचा कच्चा फणस घेऊन तो दारात उभा राहिला. घरच्या झाडाचा फणस भावाने खांद्यावरून आणून दिला, तर आमच्यात तो नको म्हणता येत नाही.

त्या दिवशी सुधीर फोनवर होता. परशरामने फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"त्येला ना चव ना ढव. साबण चावल्यागत लागतंय. अण्णानं कच्चा फणस खावा, साखर कुठल्या कुठं पळती बघ."

"काका, फणसात साखर असते," सुधीर म्हणाला.

"पिकल्यावर रं. कच्च्यात कुठली आली? आन् तुझं फळ खोक्यातनं येतंय. कुठल्या झाडाचं, इचारलंस काय कधी?"

वाद वाढत गेला. पिकलेल्या फणसात क जीवनसत्त्व अधिक, बटर फ्रूटमध्ये फोलेट अधिक. फणसात उष्मांक कमी, बटर फ्रूटमध्ये तंतू जास्त. आठळ्यांतली प्रथिने काढली गेली, त्याला उत्तर म्हणून ई जीवनसत्त्व काढले गेले. दोघेही खरेच बोलत होते. पुढे दर रविवारी हीच सुनावणी होऊ लागली आणि परशरामची बसची फेरी नेमाची झाली.

पत्नीने दोन्ही पक्षांना खूश ठेवले. सकाळी बटर फ्रूट, दुपारी फणसाची भाजी. फणसाच्या फोडी उकडलेले पाणी आमच्या घरात टाकत नाहीत. डाळीचा कट ठेवतात तसे ते ठेवून, त्यात आमसूल, मिरची आणि खोबरे घालून त्याचे सार करतात. मी ते वाटीने प्यायलो. फणसाचा हंगाम संपत आला तेव्हा उंबरा ओलांडायला पाय उचलेना.

रुग्णालयात प्रथम कॅल्शियमचे इंजेक्शन दिले. त्याने पोटॅशियम कमी होत नाही. हृदयाला तात्पुरते संरक्षण मिळते. मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन दिले. ते रक्तातले पोटॅशियम काही काळ पेशींत ढकलते. एवढ्याने भागले नाही, म्हणून मानेच्या शिरेत नळी घालून डायालिसिस केले. डायालिसिस म्हणजे रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडणे. अंगात थंडी भरते आणि तोंडाला धातूची चव येते. तेवढे सहन होते.

सहन झाले नाही ते बाहेरच्या बाकावरचे बोलणे. सुधीर बेंगळुरूहून आला होता, परशराम जांबोटीहून. दार अर्धे उघडे होते. कोणत्या फळाने घात केला यावर दोघांचा वाद चालला होता. म्हाताऱ्याची मूत्रपिंडे किती उरली, हे दोघांपैकी एकानेही विचारलेले मी ऐकले नाही.

डॉक्टर आले तेव्हा दोघांनी त्यांनाच निवाडा मागितला.

"शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम धरलं तर फार फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "बटर फ्रूटमध्ये पोटॅशियम थोडं जास्त आहे."

परशराम सुधीरकडे पाहून म्हणाला, "ऐकलंस न्हवं?"

"पण शंभर ग्रॅम फणस खाऊन उठलेला माणूस मी अजून बघितलेला नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "दोन्ही फळं चांगली आहेत. यांच्यासाठी नाहीत. पुढचे काही आठवडे बघू. मूत्रपिंडं सावरली तर यंत्र सुटेल, नाही तर कायमचं."

तुलना तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, म्हणजे बराचसा क्षार निघून जातो, असे त्यांनी समजावले. तसे केले तरी फणस नकोच, हेही सांगितले. मग त्यांनी पत्नीला विचारले, "काकू, तुम्ही उकडलेलं पाणी टाकत होता ना?"

"टाकायचं कशाला?" पत्नी म्हणाली. "सगळं सत्त्व त्यातच तर उतरतं. मी त्याचं सार करत होते."

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोटॅशियमही त्यातच उतरतं, काकू."

पत्नीने पदर सारखा केला. त्यानंतर ती घरात कामापुरतेच बोलू लागली. दोष तिचा नव्हता. कच्चा फणस मधुमेहाला चांगला हे तिला दहा जणांनी सांगितले होते. मूत्रपिंडांविषयी एकानेही सांगितले नव्हते. हे मी तिला एकदा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि कणीक मळायला घेतली.

आठवडे गेले. दर खेपेला तपासणीसाठी रक्त दिले आणि प्रतीक्षागृहात बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर आरोग्यदायी फळांचे चित्र होते, त्यात दोन्ही फळे होती. क्रिएटिनिन थोडे उतरले आणि तिथेच अडले. अखेर डॉक्टर म्हणाले, "आता वाट बघण्यात अर्थ नाही." आठवड्यातून दोनदा डायालिसिस, कायमचे. पाणी आणि चहाही यापुढे मोजूनच.

वाचकांना सांगायचे ते थोडके आहे. ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत त्यांनी कोणतेही फळ खुशाल खावे. मधुमेह असेल तर मात्र दुसऱ्याचा सल्ला ताटात घेण्यापूर्वी आपले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. अन्न पौष्टिक आहे एवढे कळून भागत नाही. कोणाला, हेही विचारावे. मला वाचवणाऱ्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. त्यांच्याआधी हे कोणी सांगितले असते, तर अधिक ऋणी झालो असतो.

डायालिसिससाठी डाव्या हातात फिस्टुला केला आहे. शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. तिथे त्वचेखाली सतत थरथर जाणवते. ती थांबली तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे, म्हणून रोज सकाळी बोटांनी ती तपासायची असते. परिचारिकेने मला तसे करून पाहायला सांगितले. मधुमेहाने माझी बोटे बधिर झाली आहेत. मला काहीच जाणवले नाही. पत्नी शेजारी उभी होती. तिने न सांगता माझा हात आपल्या हातात घेतला आणि नस चाचपली.

आता रोज उजाडल्यावर ती अंथरुणाच्या कडेशी येऊन बसते. मनगटाच्या वर दोन बोटे ठेवते. गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवते.

"आहे," ती म्हणते.

"बरं," मी म्हणतो.

मग ती उठून माझा अर्धा कप चहा ठेवते.