पुटपुट्या लॅडी

नेब्रास्कातल्या हृश्का घराण्याचा आवाज म्हणजे म्हाताऱ्या अलॉइसचा. गुरांच्या लिलावात तो पुकारायला लागला की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची. आणि अशा बापाच्या पोटी आला कोण, तर लॅडी! नाचघरांतून फिरणाऱ्या बँडचा गायक. मायक्रोफोनला ओठ लावून कुजबुजायचा आणि पोरी घायाळ व्हायच्या.

“याला गाणं म्हणतात?” अलॉइस म्हणायचा. “संध्याकाळभर खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचं, नाच रंगात आला की उठून चार ओळी पुटपुटायच्या, परत बसायचं. अरे, एवढ्या आवाजात माझं एक वासरू विकलं गेलं नसतं!”

लॅडीनं आयोवा, कॅन्सस पालथं घातलं, रेडिओवर गायला. पण बापानं एकदा तरी ‘बरं गातोस’ म्हणावं, एवढीच त्याच्या जिवाला आस. म्हणून बँड गावच्या नाचघरात आला, तेव्हा त्यानं म्हाताऱ्याला ओढून आणलं नि पुढच्या बाकावर बसवलं.

आणि नेमका मायक्रोफोन बंद पडला! लॅडी गायला उभा राहिला, पण ट्रम्पेटांच्या कल्लोळात कुणाला ढिम्म ऐकू येईना. बँडमास्तर डोळे वटारून खुणावू लागला, बस खाली! लॅडी कसला बसतोय? मंचावरून उतरून तो नाचणाऱ्यांत घुसला. एका जोडीच्या कानाशी एक ओळ, पुढच्या जोडीच्या कानाशी दुसरी. बायका नाच सोडून कान पुढे करून उभ्या राहिल्या.

“मेल्या, इकडची बाजू राहिली की!” एकीनं नवऱ्याला कोपरानं बाजूला सारत लॅडीला हाक मारली.

शेवटची ओळ लॅडीनं बापाच्या डाव्या कानाशी म्हटली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. लॅडी परत फिरू लागला.

“त्यात नको,” अलॉइस गुरगुरला. “तो कान कधीच गेलाय. उजव्यात थोडी धुगधुगी आहे.”

आता कुठं लॅडीच्या ध्यानात आलं. लिलावात बोली लावणारे हात वर करतात. म्हातारा नुसत्या डोळ्यांवर धंदा रेटत आला होता, लबाड! रेडिओपुढे बसून नावं ठेवायचा, तेव्हा त्याला धड काही ऐकूच येत नव्हतं.

लॅडीनं उजव्या कानाला ओठ टेकवले आणि गायला. त्याला रडू आवरेना. म्हाताऱ्यानं त्याची कॉलर पकडली, ती बँडनं दुसरं गाणं धरलं तरी सोडली नाही.

पुढे बँडांचे दिवस सरले, लॅडी ट्रॅक्टर विकू लागला. पण रविवारी जेवणं झाली की अलॉइस उजवा कान पुढे करून बसायचा, आणि गाणं संपलं रे संपलं की अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा पुकारायचा, “पुटपुट्या, अजून एक!”