पांढऱ्या गाडीचा वाकलेला सांगाडा

खंडेनवमीच्या सकाळी ठाण्याच्या आवारात शस्त्रांची पूजा चालली होती, तेव्हा फोन वाजला आणि एक प्रकरण सुरू झाले. निवृत्तीनंतर अनेक गुन्हे विसरलो, पण हे मनातून गेले नाही. मी तेव्हा कोथरूड भागात निरीक्षक होतो.

आदल्या संध्याकाळी आमच्या हद्दीत एका मोटारीने सायकलवरून जाणाऱ्या निवृत्त कारकुनाला उडवले होते. मांडीचे हाड मोडून ते रुग्णालयात पडले होते. मोटार थांबली नव्हती. पाहणाऱ्या बाईंना एवढेच सांगता आले की गाडी पांढरी होती. पुण्यात पांढऱ्या गाड्या काय थोड्या होत्या?

"आमच्या सोसायटीत एक पांढरी गाडी आहे," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "पुढून वाकलीय. ड्रायव्हर सकाळपासून धुतोय."

"आपलं नाव?"

"माझं नाव लिहू नका. गाडीचा नंबर मात्र नीट लिहा."

पार्किंगच्या जागेवरून या गृहस्थांचे आणि गाडीच्या मालकीणबाईंचे वाकडे होते, हे नंतर कळले. पण द्वेषातून आलेली खबर खोटीच असते असे नाही. हवालदाराला घेऊन मी निघालो.

गाडीचा बंपर डाव्या बाजूला लोंबत होता आणि पुढचे डावे चाक तिरके झाले होते. ड्रायव्हर पस्तिशीचा, शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावचा. जमीन काकांनी बिल्डरला देऊन टाकलेली, याच्या हातात स्टिअरिंग तेवढे उरलेले. आम्हाला पाहून त्याच्या हातातले फडके गळून पडले.

"गाडीला काय झालं?"

"खड्ड्यात आपटली साहेब."

"कुठल्या?"

"ध्यानात नाय."

पुणेकराला खड्डा आठवत नाही, हे मला पटेना.

"साहेब, रक्तच धुतोय हा," हवालदार कानाशी कुजबुजला. त्या दिवशी सारे पुणे आपापली गाडी धूत होते. आमची जीपसुद्धा सकाळीच न्हाऊन झेंडू लेवून उभी होती. धुण्याला मी महत्त्व दिले नाही.

अडचण केली ती मालकीणबाईंच्या जबाबाने. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या. "काल संध्याकाळी त्यानं मला नारायण पेठेत बहिणीकडे सोडलं. दारातच थांब म्हटलं होतं. मी गॅलरीतून पाहिलं तर गाडी नव्हती. न्यायला उशिरा आला आणि म्हणाला, ट्रॅफिक होतं. अंधारात गाडीकडे माझं लक्ष गेलं नाही." मग म्हणाल्या, "त्याला वाचवायला मी खोटं बोलणार नाही. अडकवायलाही नाही."

अपघात नेमका त्याच वेळी घडला होता. ठाण्यात आणल्यावरही ड्रायव्हर एकच घोकत राहिला, "मी दारातच उभा व्हतो साहेब." म्हणजे खोटे उघड पडले होते. उपनिरीक्षक म्हणाले, दोन ठेवून दिल्या की बोलेल. मी नाही म्हटले. मार खाऊन माणूस आपल्याला हवे ते बोलतो, आणि आपल्याला काय हवे हे त्याला आधीच कळलेले असते.

मला एक गोष्ट खटकत होती. जखमी गृहस्थांचे नाव काढले की तो शांत असे. "बरे होतील ना ते?" असेही त्याने आपणहून विचारले. पण "बाईंना बोलावतो" म्हटले की त्याचा चेहरा उतरायचा. माणूस कशाला घाबरतो ते नीट पाहावे. गुन्हा बहुतेक वेळा तिथे असतो. हा बाईंना घाबरत होता.

गाडीही ठाण्यात आणवली होती. मी आवारात गेलो, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले आणि गाडीखाली शिरलो. दिवे शाबूत होते. जाळीवर, बॉनेटवर ओरखडासुद्धा नव्हता. खालचा आडवा पत्रा तेवढा वाकला होता. धडक बसली की पत्रा आत जातो. हा पुढे ओढला गेला होता, पकडीने खिळा उपसावा तसा. त्याच्यावर साखळीच्या कड्यांचे वण होते. मागचे दोन्ही टायर एकेका जागी खरवडून निघाले होते. मी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून घेतले. त्यांनी पाहिले आणि हात झटकत म्हणाले, "ही गाडी कुणाला धडकलेली नाही. हँडब्रेक लावलेला असताना साखळी अडकवून कुणीतरी ओढलीय. चासीच वाकलीय, गाडीचा खालचा सांगाडाच. आता हिला चालवू नका."

मी आत जाऊन ड्रायव्हरसमोर बसलो. कुणाला उडवलेस, हे विचारणे सोडून दिले. नो-पार्किंगमधल्या गाड्या अशा साखळीने उचलतात त्या वाहतूक शाखेच्या क्रेन.

"क्रेननं गाडी कुठून उचलली?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मंडईतनं साहेब. पूजेला झेंडू घ्यायला गेलो व्हतो. लगीच येतो म्हटलं, तर गाडीच नाय. दंड भरून सोडवली. रस्त्याला लागलो तवा कळलं, डावीकडं ओढतीया."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, मी म्हणेन तिथंच गाडी उभी ऱ्हाईल. आन् वर गाडी वाकवून आणली. कामावरनं काढलं असतं."

"आणि तुरुंगात गेला असतास तर?"

"जे केलंच नाय त्याच्यासाठी तुरुंग कसा व्हईल, असं वाटलं."

त्याचा हा विश्वास ऐकून मला आमचीच लाज वाटली.

उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात मी स्वतः गेलो. तिथल्या क्रेनला भरगच्च हार घातला होता. वाहतूक हवालदाराने सांगितले, "दंड भरून झाल्यावर त्या ड्रायव्हरनंच अर्धे झेंडू दिले. म्हणाला, उद्या तुमच्या क्रेनलाही घाला." तिथल्या नोंदवहीप्रमाणे अपघाताच्या वेळी गाडी याच आवारात उभी होती. म्हणजे ज्या क्रेनने त्याच्या गाडीचे कंबरडे मोडले, तीच त्याची फुले मिरवत होती.

परतल्यावर उपनिरीक्षकांनी सुचवले, "ड्रायव्हरला सोडू. क्रेनचं कशाला उकरायचं? आपलीच बदनामी." मला राग आला. क्रेन ठेकेदाराची असली तरी तिच्यावर आमचा माणूस बसत होता. मी वरिष्ठांना अहवाल दिला. ठेकेदाराने कानांवर हात ठेवले. तेव्हा वरिष्ठांनी एक भंगारातली गाडी उभी केली आणि क्रेनच्या माणसांना म्हणाले, "नेहमी उचलता तशी उचला." त्यांनी हँडब्रेक पाहिला नाही, गिअर पाहिला नाही, थेट बंपरखालच्या पत्र्याला साखळी घातली. ठेकेदाराला मान खाली घालावी लागली. दुरुस्तीचा खर्च त्याने सोसला. साखळी बंद होऊन चाकांना पट्टे आले आणि उचलण्याआधी गाडीची पाहणी होऊ लागली.

पत्रा आत गेलेली पांढरी गाडी शोधा, असे सांगून मी गॅरेजांमध्ये माणसे धाडली. खरी गाडी आठवड्याभरात मिळाली आणि तिचा मालकही. ते कारकूनही पुढे काठी घेऊन हिंडू-फिरू लागले.

या प्रकरणाने मला शिकवले की खोटे बोलणारा माणूस आपण विचारतो त्याच गुन्ह्यासाठी खोटे बोलत असेल असे नाही. त्याला दोषी ठरवण्याआधी तो काय लपवतो आहे ते शोधावे. आणि चूक आपल्याच घरातली निघाली तर ती आधी आपणच सांगावी, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. पुढच्या नोकरीत मला याचा फार उपयोग झाला.

पण क्रेनचा निकाल लागला तो नंतर. खंडेनवमीच्या त्या संध्याकाळी ड्रायव्हर निर्दोष ठरला, तरी त्याची नोकरी माझ्या हातात नव्हती. मी बाईंना बोलावून सगळे सांगितले. तो भिंतीशी मान खाली घालून उभा होता.

"गाडी वाकवली ती क्रेनवाल्यांनी," बाई त्याला म्हणाल्या. "खोटं बोललास तो तू."

"व्हय बाई."

"आज दिवसभर मी तुझ्याबद्दल नको नको ते मनात आणलं. सांगितलं असतंस तर ही वेळ आली नसती."

त्याने हात जोडले.

"उद्या बहिणीकडे सोनं द्यायला जायचंय," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "गाडी नाही, रिक्षा करावी लागेल. सकाळी नऊला ये. रिक्षावाल्याशी मला एकटीला भांडता येत नाही."

तो उभ्या जागी रडू लागला. बाई तोवर पायऱ्या उतरून रस्त्यावर रिक्षाला हात करत होत्या.