करपलेलं आधण

मी मुरगूडच्या शाळेत इतिहास शिकवतो. दरवर्षी बेचाळीसचा धडा आला, की पुस्तक मिटतो आणि मुलांना आमच्या पणजोबांनी जाळलेल्या गुळाची हकीकत सांगतो. अभ्यासक्रमात नाही म्हणून एका साहेबांनी हटकलंही होतं. मी ऐकत नाही.

पणजोबा गुळव्या होते. काहिलीत उकळणारा उसाचा रस नेमका कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो. ते गार पाण्यात बोटं बुडवून उकळता पाक उचलत, चिमटीत फिरवत आणि सांगत. त्यांचं एकही आधण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, कधी बिघडलं नव्हतं. जमीनजुमला काही नव्हता. होतं ते एवढं नाव.

बेचाळीसच्या हिवाळ्यात एक फरारी मास्तर त्यांच्याकडे आसऱ्याला आला. पणजोबांनी त्याला काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायला बसवलं. आठ दिवसांत काजळीनं त्याचा चेहरा ओळखू येईनासा झाला.

एका दुपारी गुऱ्हाळावर पोलीस आले. फौजदार एकेकाला पुढं बोलावून तोंड धुवायला लावू लागला. काहिलीतला पाक उतरवायची वेळ झाली होती. पणजोबा जागचे हलले नाहीत. जळका वास सुटला, तसे मास्तरावर धावून गेले.

"आंधळा हायस व्हय रं? समदं आधण करपवलंस की! चल नीघ! परत तोंड दावू नगंस!"

पाठीत दोन रट्टेही घातले. मास्तर उसात पळाला आणि फौजदार पोट धरून हसत राहिला.

गुऱ्हाळाचा मालक मात्र हसला नाही. "जाळ त्याचा, पर नदर तुजी हुती की," एवढंच म्हणाला. गुळव्याच्या हातून गूळ करपला, ही बातमी गावोगाव झाली. पुढचे चार हंगाम पणजोबांना कुणी बोलावलं नाही. ते लोकांचा ऊस तोडत राहिले. खरं काय ते घरातसुद्धा बोलले नाहीत, कारण मास्तर अजून पोलिसांना सापडला नव्हता. मला याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे.

देश स्वतंत्र झाल्यावरच्या हंगामात मास्तर उजळ माथ्यानं त्याच गुऱ्हाळावर आला. "मालक, तो गूळ माझ्यापायी जाळलाय त्यांनी," म्हणाला. मालक स्वतः उसाच्या फडावर जाऊन पणजोबांना हाताला धरून घेऊन आला.

पणजोबांनी मास्तराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तोंड दावू नगंस म्हटलं हुतं न्हवं तुला?"

सगळे हसले. मास्तराला मात्र रडू आवरेना. पणजोबांनी कोयता बाजूला ठेवला, गार पाण्यात हात बुडवला आणि त्याला म्हणाले, "बस चुलवाणाला. ह्या खेपंला न्हाय करपू द्यायचा."