डाव्या बाजूचे गप्पी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, घड्याळजी. माणूस हट्टी, चिडका आणि डावखुरा. त्या डाव्या हातानं केसासारखी स्प्रिंग उचलून जागच्या जागी बसवायचे आणि वर गिऱ्हाइकालाच झापायचे, "घड्याळ आहे हो हे, आपटायचा बत्ता नाही!" मग अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तोच हात गेला.

हातच गेला असता तर एक वेळ ठीक. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या मेंदूला डावी बाजू असते हेच कळेनासं झालंय. डोळे धड, पण डावीकडचं दिसत नाही आणि दिसत नाही हेही कळत नाही. दाढी अर्धीच करायचे. "बाकीची कोण करणार, मी?" असं मी म्हटलं की माझ्यावरच डाफरायचे.

घरात त्यांची माशांची टाकी होती. मधे भोकाभोकांची काच. उजवीकडे एकटा फायटर मासा, गर्द निळा. डावीकडे गप्पींचा गोतावळा. एकत्र सोडले तर फायटर गप्पींच्या शेपट्या कुरतडतो, म्हणून ही वाटणी. हात जरा हलायला लागल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, माशांना डाव्या हातानं खाणं घाला. भावोजींनी ते मनावरच घेतलं. "या हातानं नीट चिमूट सोडता आली की दुकान उघडलंच म्हणून समज," रोज हेच.

चिमूट कसली, डबीतून मूठच भरून यायची. ती गप्पींवर रिकामी व्हायची आणि भावोजींना त्यातलं काही दिसायचं नाही. ते उजवीकडे फायटरकडे बघत खूश. ते वळले की बहीण नळी घालून सगळा गाळ ओढून काढायची आणि वर म्हणायची, "आज एक दाणा सांडला नाही हं!"

"अगं, सांग त्यांना," मी कितीदा कानीकपाळी ओरडले.

"राहू दे ताई. तेवढ्यावर तर उठून बसतात."

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बहीण माझ्याकडे येऊन राहिली. भावोजींना शेजारीण दारातूनच जेवण द्यायची. फोनवर त्यांचा आवाज नुसता उड्या मारत होता. "हात कसला वळतोय माहितेय? दुकान झाडून घ्यायला सांग कुणाला तरी." फोन ठेवून बहीण रडली.

मी जरा बरी झाल्यावर दोघी त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं आणि भपकारा आला. भावोजी टाकीसमोर खुर्चीत, चेहरा फुललेला. "ये, ये! बघ कसा पिसारा फुलवतोय पठ्ठ्या!" पाणी दुधाळ झालं होतं. उजवीकडे फायटर वर तोंड काढून हवा घेत होता. डावीकडे एकूण एक गप्पी पोटं वर करून, कुजलेल्या दाण्यांच्या सायीत. भावोजींच्या नाकासमोर.

बहीण मुकाट्यानं नळी शोधायला लागली. मला ते बघवेना. माझं डोकंच फिरलं. भावोजींची हनुवटी धरून मी तोंड डावीकडे वळवलं. "हे बघा! इकडे बघा जरा!"

बराच वेळ ते बघत राहिले. मग बहिणीच्या हातातल्या नळीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"रोज काढायचीस?"

"अहो, थोडंसंच..."

"पहिल्या दिवसापासून?"

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं समाधान? गप्प बसवलं नाही तुला!" मीही भडकलेलीच होते. उत्तर तोंडात आलं होतं, पण भावोजी मधेच बोलले. "ताई, दुकानावरची पाटी उतरवून घ्या. हत्यारं कुणाला लागत असतील तर देऊन टाका." आवाज अगदी साधा, भाजी सांगावी तसा. मला ओरडणारे भावोजी परवडले असते.

बहिणीनं मेलेले मासे जाळीनं काढले. विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "हा एक तरी वाचला बाई. कसा काय?"

"तो वर येऊन हवा घेतो," भावोजी म्हणाले. "कसल्याही घाणीत जगतो. नशीब फुटकं त्याचं."