हात कुणी दिला?

गयाबाई चितारीण कुठल्याही चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी काढायची, आणि ते काढताना घरधन्यालासुद्धा मागे उभं राहू द्यायची नाही. तोवर भिंतीवरची सगळी माणसं आंधळी. "डोळे आले की चित्र आपलं ऱ्हात न्हाई, तेच आपल्याकडं बघायला लागतंय," म्हणायची. आणि दुसरं म्हणायची, "माझं चित्र चुकत न्हाई." पहिल्याच दिवशी मी आगाऊपणानं म्हटलं होतं, की चित्रातल्या सुनेचं नाक जरा बसकं झालंय. ती वळलीसुद्धा नाही. "नाकच बसकं आसंल माय तिचं," म्हणाली. मला असा राग आला म्हणता!

निजामाचं राज्य अजून होतं तेव्हाची गोष्ट. चारठाण्याच्या अलीकडे माझं सासर, देशमुखी घराणं. मामंजींचा शब्द खाली पडत नसे. तहसीलदार आमच्या बैठकीत पान खाऊन जायचा. गावाबाहेर घराण्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर, आणि त्या बारवेची एक कहाणी होती. मूळपुरुषानं बारव खणली, पाणी लागेना. देवीनं स्वप्नात येऊन थोरली सून मागितली. तिला पूजेचं ताट देऊन खाली धाडली. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं, आणि 'माझं सासर पाणी पिऊ दे' म्हणत ती हसत हसत बुडाली. म्हणून दर वैशाखात घरच्या थोरल्या सुनेनं ताट घेऊन पाण्यातल्या पायरीपर्यंत उतरायचं आणि सासूनं वरून ही कहाणी सांगायची. सून परत वर येईतो तिला कुणी शिवायचं नाही, असा दस्तूर.

ती थोरली सून म्हणजे मी. आदल्या वर्षी शेवाळावरून माझा पाय सरकला. नाकातोंडात पाणी गेलं, पोहता तर येत नव्हतंच. धडपडत मीच कशीबशी वर आले. कहाणी थांबलीसुद्धा नाही. आणि यंदा मला पाचवा महिना होता. घरात सगळे खूश, का, तर गर्भार सून उतरली की बारवेला पाणी वाढतं म्हणे. भीतीनं माझं अन्न तुटलं होतं, पण सांगणार कुणाला?

त्याच साली मामंजींनी बारवेच्या काठावरच्या देवळाच्या ओवरीत ही कहाणी चितारून घ्यायचं ठरवलं आणि पाथरीहून गयाबाईला बोलावलं. नवरा वारल्यावर त्याचे कुंचले तिनंच उचलले होते. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं, कुंचला पुसायला पदराचं टोक. मी तिचं जेवण घेऊन रोज ओवरीत जायचे आणि ती जेवत असताना भिंत बघत बसायचे.

तिची एक खोड होती. चित्र काढायला घेण्याआधी ती विचारायची, कोण कुठं उभं होतं. शेवटच्या चित्राच्या वेळी तिनं सासूबाईंना बोलावून घेतलं. "पाणी गळ्याला आलं तवा वर कोण कोण हुतं, आक्का?"

"सगळेच होते की. सासू, सासरा, नवरा, दीर."

"मग हात कुणी दिला?"

सासूबाई एवढी वर्षं कहाणी सांगत होत्या, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "असलं विचारू नये," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी मामंजी चित्र बघायला आले. पाण्यातल्या सुनेचा जबडा उघडा होता, किंचाळल्यासारखा. मामंजी म्हणाले, "हे चालणार नाही. ती हसत गेली. हसरी काढ."

"काढते की सरकार. बुडताना हसणारं माणूस म्या बघितलं न्हाई. तुमी एक दाखवा, हुबेहूब काढते."

मामंजींशी असं बोललेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मामंजी दातओठ खाऊन म्हणाले, "तोंडच दिसता कामा नये तिचं. हुकूम समज."

"न्हाई दिसायचं," गयाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सून पाठमोरी केली. नुसता अंबाडा आणि पाण्याबाहेर काढलेला, बांगड्या भरलेला एक हात. आणि मग वरच्या पायऱ्यांवर अख्खं घराणं निगुतीनं रंगवलं: पगड्या, मिशा, नथी. डोळे तेवढे बाकी ठेवले. त्या दुपारी मी तिच्याजवळ रडले. सगळं सांगितलं, पाचवा महिना, शेवाळ, सगळं.

"मग हात माग," ती भाकरी मोडत म्हणाली.

"शिवायचं नाही असा दस्तूर आहे, गयाबाई."

"शिवायचं न्हाई म्हन्तो दस्तूर. मागायचं न्हाई असं कुठं म्हन्तो? मागून तर बघ. कोण कुठं बघायलंय ते तरी कळंल."

बारवेच्या उत्सवाच्या चार दिवस आधी तिनं आम्हा सगळ्यांना ओवरीबाहेर काढलं आणि चित्राचे डोळे रंगवले. आत गेलो तर पायऱ्यांवरचं एकही माणूस पाण्याकडे बघत नव्हतं. सासरा मुलाकडे, मुलगा आईकडे, आई धाकट्या मुलाकडे. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, की तू दे हात. मामंजी लाल झाले. गड्याला तिथल्या तिथं चुना लावायला सांगितला आणि गयाबाईला गाव सोडायला. तिनं शांतपणे गाडगी आवरली. जाताना गड्याला सांगितलं, "एका थरानं भागायचं न्हाई बाबा. डोळं काजळीचं हायती, वर येत्याल. तीन थर मार." गडी आळशी, त्यानं एकच मारला.

उत्सवाच्या दिवशी मी ताट घेऊन उतरले. कमरेइतकं गार पाणी, खाली बुळबुळीत पायरी. वर घरचे रांगेनं उभे, त्यांच्यामागे ओवरीची भिंत, आणि चुन्यातून वर आलेले ते काळे डोळे. सासूबाईंची कहाणी गळ्याच्या पाण्यापर्यंत आली. मी ताट पाण्यात सोडून दिलं आणि हात वर केला. "हात द्या कुणीतरी," म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

मामंजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं सासूबाईंकडे. अगदी चित्रासारखं. मी हात खाली घेतला नाही. खांदा भरून आला तरी घेतला नाही. म्हटलं, आज बुडाले तरी हात वर ठेवूनच बुडेन.

मग सासूबाईंनी कहाणी अर्धवट सोडली. "अगं, अगं," असं मामंजी म्हणेपर्यंत त्या पैठणीसकट पाण्यात उतरल्या होत्या. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं, की दोन बांगड्या पिचल्या. "मलाही कुणी दिला नव्हता," एवढंच पुटपुटल्या. त्यानंतर आमच्या घरची कुठली सून त्या पाण्यात उतरली नाही. बारव आटलीही नाही.

पुढे निजामाचं राज्य गेलं. एका लग्नासाठी पाथरीला गेले तेव्हा गयाबाई लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढत होती. चांगलीच थकली होती. माझ्या कडेवरच्या लेकीला तिनं निरखून पाहिलं आणि कसली विचारपूस न करता एकच विचारलं.

"हात कुणी दिला?"

"आत्याबाईंनी."

"सासूनं?" ती म्हणाली. "मग चुकलं की माझं चित्र."

असं आयुष्यात तिच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, आणि तेही इतक्या खुशीत म्हटलेलं. मग तिनं पदराला कुंचला पुसला, काजळीत बुडवला आणि गणपतीचे डोळे काढायला वळली. मी सवयीनं बाहेर निघाले, तर म्हणाली, "ऱ्हा माय. मागं उभी ऱ्हा."