झाडून ठेवलेली जागा

बोदलकसा तलावाजवळच्या त्या शिबिरात मी निरीक्षण कसे लिहावे हे शिकवायला गेलो होतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेल्या माणसाला असे विषय मिळतात. नागपूर-पुण्याची महाविद्यालयीन मुले होती. दिवसा जंगलवाचन आणि पक्षी, सकाळी न्याहारीची घंटा होईपर्यंत मौन. पत्रकात त्याला ‘अंतर्मुखता’ म्हटले होते.

माझी भाची माझ्यासोबत आली होती. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे वडील दिवाळीनंतर घरीच, सकाळच्या वेळी अचानक गेले होते. त्यानंतर ती जेवत होती, कॉलेजला जात होती, थट्टाही करत होती. फक्त वडिलांविषयी बोलत नव्हती. ‘बाबा’ हा शब्दच तिने टाकून दिला होता. घरात त्यांचा विषय निघाला की उठून आत जायची. बहिणीने मला निघताना एवढेच सांगितले होते, “दादा, तिला एकदा त्यांच्याबद्दल बोलतं कर. मला जमत नाहीये.”

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे फोन एका पिठाच्या डब्यात जमा झाले.

“मामा, आता तुला ब्रेकिंग न्यूज कळणार कशी?” तिने विचारले.

“दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.”

“इथे पेपर येतो?”

“नाही.”

“अरेरे,” ती म्हणाली आणि हसली. मौन पाळणाऱ्या शिबिरात तिला बोलते कसे करायचे, हे मला सुचत नव्हते.

मार्च सरत आला होता. शिबिराच्या कुंपणाबाहेर, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, मोहाचे एक मोठे झाड होते. आमच्या प्रशिक्षकाने, पुण्याहून आलेल्या विशीतल्या तरुणाने, ते आदल्या दिवशी हेरून ठेवले होते. झाडाखालची जागा स्वच्छ झाडलेली होती, माती किंचित काळसर होती. शिबिराच्या माणसांनीच ती ध्यानासाठी तयार केली असावी असे त्याला वाटले. मलाही तसेच वाटले. उजाडता उजाडता आम्ही तिथे जाऊन बसलो. रात्रीतून फुले गळली होती. फिकट, रसदार, गोड उग्र वासाची. मुले त्यांच्यावरच मांडी घालून बसली आणि त्यांनी डोळे मिटले.

त्या भागात मोहाला फुले येण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि जागा झाडून घेतात. झाडलेली जागा म्हणजे या झाडाची फुले कोणीतरी वेचणार आहे, अशी ती खूण असते. हे आम्हाला नंतर कळले. जिने जागा झाडली होती ती बाई थोड्याच वेळात टोपली घेऊन आली.

“काऊन बसून राहिले जी इथं?” ती म्हणाली. “फुलावर बसले ना सारे!”

प्रशिक्षकाने डोळे उघडले आणि नम्रपणे ओठांवर बोट ठेवले.

“मले चूप राव म्हनतं? माह्याच झाडाखाली?”

एका मुलाला हसू फुटले, त्याने ते दाबले. बाईने रांगेवरून नजर फिरवली. मिटलेले डोळे, वाकलेल्या माना. तिचा आवाज एकदम खाली आला. सगळ्यात जवळ बसलेल्या मुलीकडे, माझ्या भाचीकडे, ती वाकली.

“कोनी मेलं का वो पोरी?”

भाचीने डोळे उघडले.

“माझे बाबा,” ती म्हणाली.

मी मागच्या रांगेत होतो. मान वर करायचे मला धैर्य झाले नाही.

बाई टोपली ठेवून तिच्यासमोर उकिडवी बसली. “कवा?”

“दिवाळीनंतर.”

“का झालं होतं?”

“दाढी करता करता खाली बसले. मग उठलेच नाहीत. अर्धी राहिली होती.”

“मंग बाकीची कोनं केली?”

“मी,” भाची म्हणाली. “आई डॉक्टरांना आणायला खाली धावली होती. मला कळलं होतं, ते गेलेत. त्यांना तसं कोणी पाहिलेलं आवडलं नसतं. मी फेस पुसला, उरलेली दाढी केली. आईला माहीत नाही.”

मलाही माहीत नव्हते. आम्ही सगळे पोचलो तेव्हा चेहरा नीट होता आणि तो तसा कसा राहिला हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते.

“बेस केलं वो माय,” बाई म्हणाली. तिने हाताच्या पाठीने भाचीचा गाल पुसला. आधीच्या झाडाची फुले वेचून बोटे चिकट होती म्हणून असेल. मग म्हणाली, “आता जराशीक सरक. मांडीखाली फूल हाय.”

भाची सरकली. खालची चेंगरलेली फुले तिने उचलली, झटकली आणि टोपलीत टाकली. मग पुढची. ती रडत होती आणि वेचत होती. हळूहळू बाकीची मुलेही उठली आणि वेचू लागली. प्रशिक्षकाने खिशातला रुमाल पसरला. घंटा वाजली तरी कोणी न्याहारीला गेले नाही.

“पायानं तुडवू नोका, एवढंच सांगतो,” बाई सगळ्यांना म्हणाली. “बसाचं असन तं उन्हं वर आल्यावर या. तवा झाड मोकळं राहते.”

शिबिर संपेपर्यंत आम्ही उन्हे वर आल्यावर बसलो. भाची मात्र पहाटेच टोपलीमागे जायची. त्या दोघी काय बोलत, ते मी विचारले नाही.

परतताना गोंदिया स्टेशनवर गाडीला वेळ होता. फोन डब्यातून परत मिळाले होते. ती बाकावर बसली, हात नाकाशी नेऊन वास घेतला आणि फोन लावला.

“आई,” ती म्हणाली, “बाबांबद्दल एक सांगायचं राहिलंय.”

मी बॅगा तिथेच ठेवल्या आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर जाऊन उभा राहिलो.